नीलव्वाची जीभ

सोलापूर, १९३४

तीर्थरूप अव्वास शिवयोगीचे शरणार्थ.

मी बरा आहे. तुझे गुडघे कसे आहेत? सून इकडे आली म्हणून तेल चोळायचं थांबवू नको, शेजारच्या कोणाला तरी बोलाव.

नीलव्वाला काल डॉक्टरांकडे नेलं. जीभ अजून लालभडक आहे, कडेला चिरा पडल्यात आणि ओठांचे कोपरे फाटलेत. उलट बोलणाऱ्या सुनेचं तोंड असंच येतं, हे तुझं म्हणणं मी त्यांच्या कानावर घातलं. ते हसले. म्हणाले, "नुसत्या भाकरी-चटणीवर राहणाऱ्या बायकांची जीभ अशी होते. हिला दूध, डाळ मिळते का?"

दारात दोन म्हशी असल्या तरी सुनेनं सगळ्यांच्या मागून जेवायचं आणि उरेल ते खायचं, ही आपली रीत परक्या माणसाला काय सांगणार?

पण नीलव्वाच पदर सावरून म्हणाली, "व्हय की. सासूबाई रोज तांब्याभर दूध देत्यात."

मग खाण्याचा दोष नाही, रक्ताचाच असणार, असं म्हणून डॉक्टरांनी एकेक चीर औषधाच्या काडीनं डागली. तिनं हूं की चूं केलं नाही. घराची अब्रू राखली, अव्वा. पोर गुणाची आहे.

सोमवारच्या गाडीनं तिला दुधनीला तुझ्याकडे पाठवतो. तिखट अगदी बंद सांगितलंय, आणि दूध रोज देता तसंच चालू ठेवा म्हणालेत. तेव्हा तिची चटणी तेवढी बंद कर.

तुझ्या पायाशी,
शिवयोगी