वर कळवले जाईल

पांगाई, हाअपाई बेटं
ता. १४ ऑक्टोबर, मंगळवार

लुपे,

आम्ही सगळी जिवंत आहोत, तुम्हीही असाल. ऑकलंडची थंडी सरली की नाही ते इथला रेडिओ सांगत नाही, तेव्हा अंगावर जाडंभरडं काहीतरी घालत जा. नवऱ्याला नमस्कार सांग. त्याच्याबद्दल मी जे बोलले ते परत घेतलेलं नाही, पण नमस्काराला काही लागत नाही.

इतकी वर्षं तू लिहिलं नाहीस, मीही नाही. आता मी लिहितेय म्हणजे आई वाकली असं समजू नकोस. काही मागायला लिहीत नाही. तुझ्या भावाच्या, विलिआमीच्या पोरीने, सिआलेने एक शिक्षण पुरं केलं, ते तिच्या आत्याला कळायला हवं, एवढ्यासाठी. रीत आहे ती.

बंदराजवळ शिकवणीची खोली उघडलीय. ऑस्ट्रेलियाहून डर्मट नावाचा मास्तर आलाय, तो कॉम्प्युटर शिकवतो. लाल तोंडाचा, पण माणूस सरळ. जे शिकवतो त्याला लिनक्स म्हणतात. मला आधी वाटलं, हा कुठला तरी नवा पंथ. हल्ली दर महिन्याला एकजण पुस्तक घेऊन दारात उभा असतो. सिआले म्हणाली, "आजी, यंत्राला हुकूम द्यायचं शिक्षण आहे हे." मी म्हटलं, "तुझा बाप घरात हुकूम देतो, कोण ऐकतं?"

शेवटची परीक्षा लेखी नव्हती. प्रत्येकाने एक यंत्र उभं करायचं, लोकांच्या उपयोगी पडेल असं, आणि ते सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं. सिआलेने शाळेने टाकून दिलेलं एक उचलून आणलं. त्यावर कोंबडी बसत होती गं, खोटं नाही सांगत. पोरीने ते स्वयंपाकघरात माझ्या चटईवर उघडलं, झुरळं झटकली, तारा जोडल्या आणि आत लिनक्स भरलं. पडदा काळा झाला आणि पांढरी अक्षरं भराभरा धावायला लागली. चित्र नाही, रंग नाही, नुसती अक्षरं. मी तारोचे कंद सोलायची थांबले. पाद्री घरी आला तरी मी हातातलं काम थांबवत नाही, तुला ठाऊक आहे. मग अक्षरं थांबली आणि एक बारकी रेघ उघडझाप करत राहिली.

"ही काय करतेय?"

"वाट बघतेय, आजी. आपण काय सांगतो त्याची."

काल कोंबडीचं होतं ते यंत्र, आज माणसाच्या शब्दासाठी खोळंबलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. सिआलेला मी सांगितलं, दार लाव, वारा येतोय.

आपल्या गायनमंडळाची सगळी गाणी तिने त्यात ठेवली. तुझ्या बापाने बसवलेल्या चालीसुद्धा. यंत्रात म्हणे प्रत्येकाला नाव द्यावं लागतं आणि कोणी काय करायचं ते ठरवावं लागतं. कोणी नुसतं वाचायचं, कोणी बदलायचंही. हे सगळं आकड्यांत. पडद्यावर सात-पाच-पाच उमटलं आणि मी गायले. काय करणार? आपले सूर आकड्यांतच लिहितात, तीनपासून नऊपर्यंत. पुस्तक मी अडखळत वाचते, पण आकडे दिसले की गळा आपोआप उघडतो. सिआले हसून लोळायची बाकी राहिली. मग म्हणाली, "आजी, परत म्हण." मी म्हटलं. तेव्हा तिने सांगितलं, सात म्हणजे सगळी मुभा. पाच म्हणजे वाचा, चालवा, पण बदलू नका. लुपे, जन्मभर मी ते आकडे गात आले. त्याच आकड्यांनी यंत्रं ताब्यात राहतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तारो करपला.

शुक्रवारी परीक्षा झाली. अर्धं गायनमंडळ जमलं होतं. विलिआमी चर्चला बांधतो ती चांगली चटई कमरेला बांधून पुढे बसला. मंडळाचा प्रमुख तो, म्हणून यंत्रही आपलंच असं धरून चाललेला. मास्तर म्हणाला, कोणीतरी येऊन वापरून बघा. हा उठला. तुझ्या बापाची ती लांबलचक चाल त्याला कधीच आवडली नाही, ती पुसून टाकायला निघाला. यंत्राने सांगितलं, परवानगी नाही.

"मी प्रमुख आहे," विलिआमी यंत्राला म्हणाला. खरंच, यंत्राला.

मागच्या बाकावरून सिआलेच्या वर्गातली एक पोर कुजबुजली, "काका, आधी सुडो लिहा. मग ते मोठ्यांचा हुकूम समजून काहीही ऐकतं."

त्याने एका बोटाने सुडो लिहिलं. यंत्राचं उत्तर सिआलेने मोठ्याने वाचलं, "विलिआमीचं नाव अधिकाराच्या यादीत नाही. हा प्रकार वर कळवला जाईल."

"वर म्हणजे कुणाला?"

"आत्याला," सिआले म्हणाली.

पडद्यावर तिने यादी उघडली तर तिथे एकच नाव, लुपे. तू घरात आलीस की तुझा भाऊ बहिणीचा मान म्हणून बोलता बोलता गप्प व्हायचा आणि दाराकडे सरकायचा ना? तस्सा सरकला. तू समुद्रापलीकडे, इथे पडद्यावर नुसतं तुझं नाव, आणि एवढा धिप्पाड बाप्या नजर खाली घालून मागे गेला. मी चर्चमध्ये खूप चमत्कार ऐकलेत. बघितला हा पहिलाच.

मास्तर गोंधळला. "ही लुपे गायनमंडळात आहे?"

"नाही सर, ऑकलंडला असते. माझ्या वडिलांची बहीण."

"मग सगळ्यात मोठा अधिकार तिला कसा? ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं, हा पहिला धडा होता."

सगळे हसले, आणि हसले ते मास्तरला. ती म्हातारी आहे ना, कालोलाईने, ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मग काय बापाला द्यायचा, मास्तर? आमच्यात भावाच्या पोरांवर शब्द आत्याचा चालतो. उद्या म्हणाल कोंबडीला द्या."

सिआले हसली नाही. ती म्हणाली, "सर, आत्या तो अधिकार कधी वापरत नाही. ती आहे एवढ्यानेच सगळे नीट वागतात."

मास्तरने डोकं खाजवलं, कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि तिला पास केलं. पास म्हणजे पहिली. शिवाय म्हणाला, समुद्रापलीकडे सुवा शहरात याच्या पुढचं शिक्षण आहे, खाणंपिणं राहणं सगळं तिकडचं, जागा एकच, आणि ती सिआलेला द्यायची त्याची इच्छा आहे. महिनाअखेर नाव कळवायचं.

विलिआमी दारातूनच म्हणाला, "नाही. आईकडे कोण बघणार?"

मी तिथेच बसले होते, पंखा हलवत. मला कोणी विचारलं नाही. बायकांनी माझ्याकडे बघून माना हलवल्या, बिचारी म्हणून. मला, बिचारी. सिआलेने वाद घातला नाही. यंत्र नीट बंद केलं, तारा गुंडाळल्या आणि माझी चप्पल शोधून माझ्या पायांपुढे ठेवली.

चप्पल का शोधावी लागते ते सांगते. उजव्या डोळ्यात पडदा आलाय, डाव्यात सुरू झालाय. ओळी तिरक्या गेल्या असतील तर चालवून घे. चटई विणायची पट्टी पोर हातात देते, कालवणातला काटा काढून देते. त्यामुळे विलिआमी खोटं बोलला असंही नाही. पण त्याला पोर माझ्यासाठी नकोय, गायनमंडळासाठी हवीय. तिच्याएवढा वरचा सूर इथे दुसऱ्या कोणाचा लागत नाही. मी घरी आल्यावर त्याला चांगला झाडला. "आई, तू यात पडू नकोस," म्हणाला. बरोबरच आहे. मी त्याची नुसती आई. त्याच्या पोरांवर माझा शब्द चालत नाही, तुझा चालतो.

तर आता मागते. सुरुवातीला मागणार नाही असं लिहिलंय, ते खोडत बसत नाही. भावाला फोन कर. भांडू नकोस, कारणं देऊ नकोस. "सिआले सुवाला जाईल," एवढंच म्हण आणि ठेव. तो दुसरा शब्द काढणार नाही. माझ्या डोळ्यांचं त्याने काढलंच, तर म्हण की आईचं आई बघेल. कालोलाईनेची सून रोज येऊन जाईल म्हणालीय. ती बडबडी आहे आणि तिला मीठ कळत नाही, पण दिसतं तिला व्यवस्थित.

मला फोन करायची गरज नाही. केलास तर उचलीन.

हे पत्र मी आजच्याच बोटीवर देणार आहे, स्वतः बंदरावर जाऊन. घरात राहिलं तर उद्या सकाळी पोर मला चहा आणून देईल, कप कुठे ठेवला ते माझा हात धरून दाखवेल, आणि मग मी ते टाकेन की नाही याची मला खात्री नाही. म्हणून तूही वेळ लावू नकोस. आणि मागाहून माझं दुसरं पत्र आलं, त्यात याच्या उलट काही लिहिलेलं असलं, तर ते फाडून टाक. ते आजीने लिहिलेलं असेल.

हे लिहिलंय ते तुझ्या आईने,
फुसी