धुऱ्यावरचं बत्तीस बोर

चोरखमारा, ता. तिरोडा, जि. गोंदिया
दि. ९ नोव्हेंबर २००३

चि. साक्षीस आईचा जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

नाही माय, डोकं नाही फिरलं मायं. शुद्धीत आहो अन् सातवी पास हातानं लिहून राहिली. एसटीडीवर तू एवढ्या जोरानं विचारलं का दुकानवाल्यानं आधी ऐकलं अन् मंग मले सांगतलं. सांजेपर्यंत गावभर झालं का सुमित्राबाईची पोरगी नागपुरातून आईले येडी म्हणते. म्हणून आता पत्रातच बोलू. पत्र पोस्टमन एकटाच वाचते.

तुझ्या बापानं फौज सोडल्यावर दोन गोष्टी जपल्या, मिशी अन् ते लहानकं बत्तीस बोरचं रिव्हॉल्वर. मिशी त्याच्यासंग गेली. रिव्हॉल्वर दीड साल झालं ठाण्याच्या कपाटात पडून आहे. ठाणेदार म्हणते का लायसन बायकोच्या नावानं होते, पण दुसऱ्या वारसाची हरकत नाही असा कागद पाहिजे. दुसरी वारस तू. घर, बैल, धानाच्या बांध्या, कशाले तुझी हरकत कोणी विचारली नाही. विचारली त या वितीएवढ्या लोखंडाची.

कायले पाहिजे, असं विचारतेस. बाप गेला त्या सालापासून शेजारचा बिसराम दोन शेतांमधला धुरा दर रोवण्याले, धानाची लावणी चालू असताना, माया अंगानं कोरून राहिला. आता त्या धुऱ्यावरून बकरी बी एक पाय उचलून चालते. मी बोलली त हसून म्हणते, वहिनी, पाण्यानं सरकला असन. मोठं हुशार पाणी, दर साली आपल्याच शेतात सरकते. पटवाऱ्याले तीनदा बोलावलं. तो येते, बिसरामच्या घरी चहा पिते, अन् धुरा जागेवरच आहे म्हणून जाते.

फॉर्मात एक रकाना आहे, जिवाले धोका कोणापासून. मी सरळ बिसरामचं नाव लिहिलं. कचेरीतल्या बाबूनं कपाळाले हात लावला. म्हणे, बाई, माणसाचं नाव टाकलं का चौकशी लागते, दोन सालं जातात, रानडुक्कर लिहा. मी बिसराम खोडला अन् रानडुक्कर लिहिलं. बाबू म्हणे, आता कसं.

कागद लवकर पाठव. जावयाले जयभीम. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवला त अजून बरं.

तुझी आई
सुमित्रा

नागपूर
दि. २१ नोव्हेंबर २००३

ती. आईस साक्षीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

कागद सोबत जोडला आहे. सही करताना हात थरथरला. तुला ते दिसावं म्हणून सही तशीच वाकडी ठेवली.

यांना सांगितलं तेव्हा घास हातातच राहिला. विमा कचेरीत असल्यामुळे यांना आधी तुझी पॉलिसी आठवली, मग तू. दोन दिवस नियमावली चाळत होते. घरात शस्त्र असलेल्या सासूबद्दल त्यात काही नाही म्हणतात.

आई, थट्टा बाजूला. रोज सकाळी तू बुद्धवंदना म्हणतेस. कुठल्याही जिवाला मारणार नाही, हे पहिलंच शील. ते म्हणताना हे लोखंड कुठे ठेवणार आहेस? मी हरकत घेतली नाही ती एकाच अटीवर. ते कायम रिकामं ठेवायचं, गोळ्या वेगळ्या डब्यात. बाबांची शपथ आहे तुला. आणि एवढा हंगाम झाला की इकडेच ये राहायला. धुरा घेऊन बसू दे बिसरामकाकांना.

तुझ्या लोभावर माझा हक्क आहे, तो त्या रिव्हॉल्वरला वाटून देऊ नकोस.

तुझी
साक्षी

चोरखमारा
दि. १५ फेब्रुवारी २००४

चि. साक्षीस आईचा जयभीम, जावई संघदीपले बी.

आलं बापा घरी. पहिले दोन दिवस मी त्याले पाहो अन् ते मले पाहे. तिसऱ्या दिवशी पदरानं पुसलं, मंग ओळख झाली. किराण्याच्या तराजूवर ठेवून पाहिलं, पाऊण किलो बी नाही भरत. तुझा बाप असा चाले जसा कमरेले जातं बांधलं आहे.

कामठ्याचे हिरालालभाऊ, बापाचे फौजेतले संगी, येऊन धरायचं शिकवून गेले. म्हणे, दोन्ही हातानं धरा, श्वास सोडून घोडा ओढा, अन् नेम धरताना रागाची गोष्ट मनात आणू नका. मी म्हटलं, भाऊ, राग नसता त मी सुपारीचा अडकित्ताच नसता घेतला? आता रोज सडा टाकून झाला का भिंतीवरच्या कॅलेंडरवर रिकाम्याचा नेम धरते. पुरा जानेवारी मारला, फेब्रुवारीचे पंधरा झाले.

ठेवते सुपारीच्या बटव्यात. कधी कधी सुपारी काढाले जाते अन् तेच हाती येते. परवा गीताबाईच्या पोराच्या लग्नात तसंच झालं. सारी पंगत उठून उभी झाली. नवरदेव त मांडवाच्या खांबामागं. मी म्हटलं, बसा बापा, पानच लावून राहिली.

पण गंमत आईक. रेशनवाला आजकाल काटा थांबू देते. ग्रामपंचायतीत मी गेली का खुर्ची येते, अन् ती बी पुसून. अंगावरची लुगडी फाटत आली पण एवढा मान बापाच्या मिशीले बी नव्हता. विहारात गीताबाई म्हणे, ते बाहेर चपलेजवळ ठेव. तिथून दर पौर्णिमेले चपला चोरीले जातात. मंग मी बटवा मांडीखाली घेऊन बसली अन् पंचशील म्हटलं. पहिलं शील जरासं हळू म्हटलं.

बिसरामनं धुरा दोन हात मागं नेला. म्हणे, वहिनी, पाण्यानंच गेला होता, पाण्यानंच आला. फेब्रुवारीत कुठचं पाणी, ते मी नाही विचारलं.

गोळ्या लाखोरीच्या डाळीच्या डब्यात आहेत. शपथ पाळून राहिली. लोभाची वाटणी नाही केली, तुझा तुझ्याजवळ.

आई

नागपूर
दि. १६ मार्च २००४

ती. आईस सप्रेम जयभीम.

निवडणूक लागली. परवान्याची सगळी शस्त्रं ठाण्यात जमा करायची, असं पेपरात आहे. तुझंही गेलं असेल. निवडणूक वर्षभर चालावी, असं मला पहिल्यांदाच वाटलं. हे म्हणतात, आईंना विचार, मत कोणाला देणार. मी म्हटलं, तुम्हीच विचारा, आता रिव्हॉल्वर नाही, निदान ती ऐकून तरी घेईल.

लोभ असावा. कार्डावर एवढाच मावला.

साक्षी

चोरखमारा
दि. ३० मे २००४

चि. साक्षीस आशीर्वाद.

हास, हास. दोन महिने ठाण्यात होतं, कालच आलं. जमा करताना हवालदारानं पावती देली अन् म्हणे, शांततेत मतदान व्हावं म्हणून. गावातले दारूवाले, मारपीटवाले, धुरा कोरणारे, कोणाचंच काही जमा नाही झालं. देशाच्या निवडणुकीले धोका एकटी मीच होती. एक उमेदवार आंगणात आला. म्हणे, मावशी, बायांच्या सुरक्षेची हमी आपली. मी म्हटलं, बापा, मायी हमी तुझ्यासाठीच ठाण्यात ठेवली आहे.

जमा केल्याच्या तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत खुर्ची नाही आली. रेशनवाल्याचा काटा पुन्हा नाचाले लागला. अन् बिसरामनं धुरा त कोरलाच, वरून तलावाच्या नहरातून माया बांधीत पाणी यायचं तोंड दगडमातीनं बुजवून टाकलं. मी बोलाले गेली त चार माणसांत म्हणते, वहिनी, आज बटवा हलका दिसून राहिला.

सारे हसले. मी बी हसली. घरी येऊन ताटातला भात बैलांपुढं ठेवला.

तुले धुरा म्हणजे हातभर माती वाटते. पाणी नाही आलं त रोवणा नाही, रोवणा नाही त मी तुझ्या गॅलरीत कोथिंबिरीच्या कुंडीजवळ बसून राहीन अन् तू सांगशील, आई, कुंडीत पाणी जास्त टाकू नको. तिथं मी मरणार नाही, माय, पण जगून बी नाही राहणार. म्हणून येत नाही. रुसू नको, लोभ पातळ होऊ देऊ नको.

आई

नागपूर
दि. ६ ऑगस्ट २००४

ती. आईस साक्षीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तिरोड्याच्या एसटीतून आलेल्या एका बाईंनी यांना कचेरीत सांगितलं की चोरखमाऱ्याच्या सुमित्राबाईंनी गोळी झाडून रानडुकराच्या तावडीतून एका माणसाला वाचवलं. आणि तो माणूस म्हणे बिसरामकाका! हे पेढे घेऊन घरी आले. मी मात्र तेव्हापासून एकाच गोष्टीचा विचार करते आहे. गोळ्या तर लाखोरीच्या डब्यात होत्या ना?

काय झालं ते तू स्वतः लिही. लोभ आहे म्हणूनच विचारते.

तुझी
साक्षी

चोरखमारा
दि. १४ ऑगस्ट २००४

चि. साक्षीस आईचा जयभीम अन् आशीर्वाद.

ऐकलं ते सारं पंचनाम्यात आहे, अन् पंचनामा बिसरामच्याच बयाणावर झाला. ऐन रोवण्याचे दिवस, तो धुऱ्यावर फावडा घेऊन वाकला होता. गोळीचा आवाज झाला तसा चिखलात आडवा झाला अन् डुक्कर डुक्कर म्हणून बोंबलला. रोवणाऱ्या बाया धावल्या. मोहाच्या झाडाच्या खोडात गोळी सापडली. जंगलखात्याचा माणूस खूर शोधाले आला. आपल्या बांधीत डुकराचे खूर कधी नसतात? सापडले. ठाणेदारानं माया जुना फॉर्म काढून पाहिला, धोका कोणापासून, रानडुक्कर. म्हणे, वा बाई, लिहिल्याप्रमाणे झालं. मले कोणी काही विचारलंच नाही, त मी बी काही नाही सांगतलं.

बिसरामनं दुसऱ्याच दिवशी धुरा बापाच्या वेळच्या जागी नेऊन ठेवला. नहराचं तोंड मोकळं केलं. रोवणा झाला, धान हिरवं दिसून राहिलं. आता रोज सकाळी कधी दोडके, कधी कोहळा घेऊन आंगणात येते. वहिनी म्हणणं सोडलं, बहीण म्हणते, पायाले हात लावते. काल म्हणे, माया लेकरायचा बाप तू जिता ठेवला. मी घरात निघून गेली त त्याले वाटलं, बाई लाजली.

उद्या झेंडावंदनाले ग्रामपंचायत मले शाल अन् नारळ देणार आहे. खुर्ची आधीच पुसून ठेवली आहे म्हणतात.

रिव्हॉल्वर मी काल ठाण्यात नेऊन देलं, या खेपेला कायमचं. पावती नाही घेतली. ठाणेदार म्हणे, आता त तुमचं नाव झालं बाई, आता काऊन? मी म्हटलं, डोळ्यानं कमी दिसते. विहारात बी या पौर्णिमेले नाही गेली.

पोळ्याच्या आधी एकदा येऊन जा. जावयाले म्हण, पेढे चांगले असन, पण वाटू नको. पुढचं वाचून लोभ राहिला त तसं कळव, नाही राहिला त बी कळव.

तुझी आई
सुमित्रा

ता. क. डब्यात गोळ्या कधीच नव्हत्या माय, पहिल्या दिवसापासून रिव्हॉल्वरातच भरून होत्या. अन् त्या दिवशी तिथं डुक्कर नव्हतं. बिसराम होता, मायाकडे पाठ करून धुरा कोरून राहिला होता. मी दोन्ही हातानं धरलं, श्वास सोडला, त्याच्या पाठीवर नेम धरला अन् घोडा ओढला. तुझा सही करताना थरथरला तसा माया हात जरा बी नाही थरथरला. नेम चुकला, म्हणून तो जिता आहे.