समुद्र घरी नव्हता तेव्हा

ती. मामांच्या पायांवर भाचीचं डोकं. तुमचा खोकला बरा असेल, मामींचा खांदा हलायला लागला असेल आणि आई तुमच्याकडे रुळून आता स्वयंपाकघर कसं लावावं हे मामींना सांगू लागली असेल, असं धरून चालते. (मामी, थोडे दिवस सोसा. सांगून सांगून दमली की थांबते, असा माझा अनुभव आहे.)

मी इथे परदेशात लागले आता मार्गी. खोली माळ्यावरची आहे. छत उतरतं आहे आणि खिडकी भिंतीला नसून त्या छतालाच आहे, त्यामुळे पडल्या पडल्या थेट आभाळ दिसतं आणि उठल्या उठल्या डोकं आपटतं. दोन्हींची सवय झाली. बसची मात्र अजून पुरती झालेली नाही. पहिल्या दिवशी शाळेत शिकवायला जायला थांब्यावर उभी होते. बस आली, सुस्कारा सोडला आणि चक्क माझ्या बाजूने खाली वाकली. मला वाटलं, चाक बसलं. मी चार पावलं मागे सरले आणि ड्रायव्हरला हातवारे करून चाक दाखवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, हात हलवला आणि तो निघून गेला. दुसरी बस आली, तीही वाकली. तेव्हा एका आजींनी मला दंडाला धरून आत चढवलं आणि ही लोकांना चढायला सोपं जावं म्हणून वाकते, असं समजावलं. एवढं मोठं धूड, आणि एका म्हातारीच्या गुडघ्यांसाठी वाकतं.

वर्गातही तसंच झालं. मी आत गेले, कोणी उठून उभं राहिलं नाही. मुलं उभी राहण्याची मी वाट बघत राहिले आणि मी बोलण्याची मुलं. शेवटी पुढच्या बाकावरच्या चष्मेवालीने हळूच विचारलं, ‘तुम्हाला बरं वाटत नाही का?’ तिथून आमचं जमलं.

पण पत्र लिहायला बसले ते गेल्या आठवड्यातल्या सहलीबद्दल. भरती-ओहोटीचा धडा चालू होता. मी नेहमीसारखा फळ्यावर चंद्र काढला, पृथ्वी काढली, दोन बाण काढले. मुख्याध्यापिका दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, ‘समुद्र जवळच आहे, दाखवूनच का आणत नाही?’ झालं. मोठे गमबूट घालून आमचा वर्ग निघाला. बरोबर शिट्टीवाले खेळाचे मास्तर.

किनाऱ्यावर पोचलो तर समुद्र नव्हता. थट्टा नाही करत. धक्का होता, होड्या होत्या (सगळ्या कुशीवर निजलेल्या), पण पाणी नजर पोचेल तिथवर नाही. आम्ही समुद्राच्या तळावर उतरलो आणि चालू लागलो. वाळूवर लाटांच्या सुरकुत्या जशाच्या तशा होत्या. मधूनमधून पाण्याची तळी, त्यात ढग. आपलं मोठं माणूस बाहेर गेलेलं असताना त्याच्या खोलीत शिरल्यासारखं वाटत होतं. मी आपोआप हळू बोलायला लागले.

मास्तरांची शिट्टी झाली, मुलं वळली. मी जरा थांबले, मग आणखी जरा थांबले. मास्तर ओरडले, ‘बाई, निघा आता.’ मी म्हटलं, ‘आलेच.’ (हे माझं आलेच कसं असतं ते तुम्ही स्टेशनवर अनुभवलं आहेच.) निघायला पाय उचलला तर गमबूट चिखलात घट्ट. आणि मग, मामा, पाणी आलं. लाट नाही, आवाज नाही. मी समोर बघत होते आणि ते माझ्या मागच्या घळीतून शिरत होतं. क्षणात घोटे बुडाले. त्या वेळी पहिल्यांदा भीती वाटली. मास्तर परत धावत आले, मागोमाग सांगूनही न ऐकणारी चारपाच मुलं. त्यांनी हात धरून ओढलं आणि मी बुटांतून बाहेर निघाले. बूट तिथेच राहिले. धक्क्यावर चढले ती मोज्यांवर.

वरून पाहिलं तर आम्ही उभे होतो तिथे पाणीच पाणी. निजलेल्या होड्या एकेक करून उठून बसल्या, मग उभ्या राहिल्या, कोणी हात न लावता. चष्मेवालीने विचारलं, ‘बाई, तुम्ही समुद्र आधी पाहिला नव्हता?’ म्हटलं, ‘पाहिला होता गं, पण तो येताना नव्हता पाहिला.’ इतकी वर्षं मी फळ्यावर तो बाण खडूने काढते आहे. बाणात काय काय असतं ते त्या दिवशी कळलं. डोळ्यांत पाणी होतं ते थंडीमुळे, असं मी वर्गाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. आता परत धाडतात अशा तयारीने गेले. त्यांनी यथेच्छ झापलं, तेही इतक्या हळू आवाजात की अर्धं पुढे वाकून ऐकावं लागलं. मग त्यांनी एक गोष्ट विचारली. असो. पान संपत आलं. सर्वांना यथायोग्य.

तुमची भाची, तुमच्या भाषेत
नकाशेबाई

ता. क. : मुख्याध्यापिकांनी विचारलं ते हे, की आणखी दोन वर्षं थांबाल का. ‘घरी विचारून सांगते’ असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि ‘हो’ म्हणाले. आईला वाटतंय मी सुट्टीत कायमची येणार. हे तिला तुम्हीच सांगा. तुमचं ती ऐकते, निदान तुम्हाला बोलू तरी देते.

आणखी एक : पाकीट चिकटवणार तेवढ्यात आईचा फोन आला आणि माझ्याच तोंडून सगळं निघून गेलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘राहा. पण मामाला एवढ्यात कळवू नकोस, त्याला सोसायचं नाही. मी बघून सांगते.’ तेव्हा मामा, ती सांगेल त्या वेळी जरा धक्का बसल्यासारखं करा. जमत नसेल तर मामींना विचारा.