मधली खोली

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. अंधांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या त्या ग्रंथालयाने तुझा नमुना परत पाठवला, वर बाई विहिरीत बसून वाचतात असा शेरा मारला, यात तुझा काडीचाही दोष नाही. दोष मधल्या खोलीचा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही नऊ फूट, म्हणजे तशी सुबक. पण भिंती सपाट. आवाज आपटतो नि गेला तसा परत येतो. कोणी कितीही सांगो, गाद्या-गोधड्या टांगू नकोस. आवाज मारायचा नसतो, विखरायचा असतो. तो विखरणाऱ्या चौकटीला डिफ्यूजर म्हणतात. मला हे कुठल्या कॉलेजाने शिकवलेले नाही. अॅम्प्लिफायर दुरुस्त करता करता चार पुस्तके वाचली आणि त्यांतल्या दोन चुका लेखकांना कळवल्या. एकाचेही उत्तर आले नाही.

रीत अशी. शून्य ते सहा हे आकडे घे. प्रत्येकाचा वर्ग कर, सातने भाग. बाकी उरेल तितके इंच त्या खणाची खोली: ०, १, ४, २, २, ४, १. अशा सात उभ्या खणांच्या दोन चौकटी कराव्यात नि कोठीकडच्या फळ्यांच्या भिंतीवर (तुम्ही जिला नुसती ‘मागची फळी’ म्हणता तीच) तुझ्या तोंडाच्या उंचीवर टांगाव्यात. दुकान सोडून मला येता येत नाही. भाऊजींनी उभा जन्म पॅकिंगची खोकी ठोकण्यात घालवला, त्यांना हे अवघड नाही. फक्त स्वतःची अक्कल वापरू नये.

याबद्दल फोन करू नकोस. फोनवर सात नि साठ सारखेच ऐकू येतात. कागदावर घोळ होत नाही.

गणितातली बाकी वर दिली; बाकी सर्व ठीक. लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र ह्यांना वाचून दाखवताना अकलेचे वाक्य गाळले, तर नेमके तेच ह्यांनी मागाहून चष्मा लावून शोधून काढले. म्हणतात, तीस वर्षे एक फळी दुसरीच्या वर येऊ दिली नाही आणि आता मेव्हणा सांगतो खाली-वर करा. कारखान्यात असले खोके केले असते तर मुकादमाने खोक्यासकट बाहेर काढले असते. तरी केले. रोज रंधा घेऊन बसतात, रोज तुझा उद्धार करतात, आणि खरे सांगू, तब्येत सुधारली आहे.

मापे तू दिलीस तशीच आली. फक्त मधला, चौथा खण दोन्ही चौकटींत दीड इंचच भरतो. मजबुती हवी म्हणून ह्यांनी तिथे आतून अर्ध्या इंचाची जादा फळी मारली. चालेल का?

ग्रंथालयाने पंचवीस तारखेपर्यंत मुदत दिली आहे. दुसरा नमुनाही परत आला तर पुस्तक दुसऱ्या बाईंकडे जाईल. तू हसशील, पण मला ते हवे आहे रे. शाळेत चाळीस मुले ऐकायची, निदान ऐकतो असे दाखवायची. आता घरात एकच श्रोता. कारखान्यातल्या ठोकाठोकीने त्याचा एक कान गेला, दुसरा तो मर्जीने वापरतो.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच, निम्मी डोक्यावरून हात फिरवायला, निम्मी टपली मारायला.

ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत चार ओळी. चालणार नाही. मधली खोली कमी पडते आहे, ती वाढवल्याशिवाय आवाज सुधारणार नाही. भाऊजींना सांग, मागची फळी काढा. मजबुतीची सबब सांगतील, ऐकू नकोस. ती निघाल्यावरच नमुना कर. इतके स्वच्छ लिहिल्यावर शंकेला जागा उरू नये.

लोभाचे मोठ्या पत्रात लिहीन.

धाकटा

२२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आले नि ह्यांना कोण आनंद झाला! म्हणाले, मेव्हण्याने पहिल्यांदाच माणसासारखे काम सांगितले. तीन दिवस घण चालला होता. धूळ इतकी, की मिठाच्या बरणीतही भुसा. मजबुतीची सबब त्यांनी सांगितलीच, पण मी ऐकली नाही. मधली खोली वाढवली एकदाची. अर्ध्या इंचाचे मात्र तू काही कळवले नाहीस. असो.

नमुना काल पाठवला. कादंबरीची पहिली दोन प्रकरणे वाचली आहेत. तुलाही प्रत पाठवते आहे. मन लावून ऐक नि कसे झाले ते खरे सांग. वाचताना दोनदा वाटले, जमले. एकदा वाटले, या वयात मला हे कोणी सांगितले होते.

तुझी वाट पाहणारी
ताई

२८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अर्ध्या इंचाचे उत्तर मागच्या पत्रात आहे, पुन्हा वाच. आणि एवढ्याशा कामाला तीन दिवस नि घण? भाऊजींच्या पटाशीला धार लावून आणा.

प्रत अकरा वेळा ऐकली, हेडफोन लावून, डोळे मिटून. विहीर गेली! आता आवाज मोकळा होऊन सात वाटांनी परत येतो. चौथ्या खणाचा वाढलेला अर्धा इंच तर स्पष्ट कळतो, अर्थात ज्याला कान आहे त्याला. सोबत आलेख काढून दोन पाने जोडली आहेत. ग्रंथालयाला हवी तर दाखव.

भाऊजींना नमस्कार, गुरूला शिष्य भेटला म्हणावे.

धाकटा

६ मार्च

रा. रा. मेव्हणेबुवा,
स. न. वि. वि.

नमुना पसंत पडला. पुस्तक तुमच्या ताईकडेच आले. आता ती कळवू नका म्हणते ते कळवतो.

तुम्ही लिहिलेत मधली खोली वाढवा, मागची फळी काढा. आम्ही काढली. अख्खी, कोठीपर्यंत. नऊ फुटांची खोली आता साडेतेरा झाली आहे. तुम्हाला खणाची खोली नि मी आतून मारलेली अर्ध्या इंचाची फळी म्हणायची होती, हे तुमच्या मागच्या पत्रावरून उमगले. डिफ्यूजर टांगायचे ती भिंतच उरली नाही, म्हणून दोन्ही चौकटी पलंगाखाली पडून आहेत. त्या नमुन्यात तुमचा एकही खण नाही. अर्धा इंच कुठून ऐकलात, ते तुमचे कान जाणोत.

ग्रंथालयाचा ध्वनिमुद्रक लिहितो, आधीची खोली तिन्ही अंगांनी सारखी असावी. तसल्या खोलीत आवाज घुमणारच, मोडलीत हे शहाणपण केलेत. शहाणपण कोणाचे, ते आम्ही कळवलेले नाही.

एक मात्र सांगतो. तिने विचारले होते, वाचन कसे झाले. तुम्ही पानेच्या पाने लिहिलीत, त्यांत ती कुठेच नव्हती. त्या दिवशी तिने ती पाने दोनदा वाचली नि पलंगाखाली चौकटींवर ठेवून दिली. तुम्ही तिला ओळखता.

राग मानू नये. मानलात तर सातने भागावा.

आपला
भाऊजी

१० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊजींचे पत्र पोचले. दोन गोष्टींना एकच शब्द ठेवणे ही भाषेची चूक आहे, माझी नव्हे. तरी लिहिणारा मी होतो, एवढे मान्य. अर्धा इंच मागे घेतो.

काल प्रत बाराव्यांदा ऐकली. दुकानातल्या साध्या स्पीकरवर, हातातले काम करता करता. आधी अकरा वेळा मी काय ऐकत होतो कोण जाणे. त्यात घड्याळे दुरुस्त करणारी एक बाई आहे, हेच मला ठाऊक नव्हते. गिऱ्हाईक परत यावे म्हणून ती प्रत्येक घड्याळात मुद्दाम थोडी खोट ठेवते. दुरुस्ती करणाऱ्याने असले करू नये. पण तू ते असे वाचलेस, की मला तिचा राग आला नाही. सोल्डरिंगची कांडी नुसतीच तापत राहिली.

एक गिऱ्हाईक रेडिओ न्यायला आले होते, तेही रेडिओ काखेत धरून प्रकरण संपेपर्यंत उभे राहिले. दारावर थाप पडते, ती भिंग खाली ठेवते, कडी काढते, नि तू थांबतेस. पुढचे कुठे आहे, असे त्याने मला दरडावून विचारले. वाचणारी माझी बहीण आहे, एवढे मी सांगितले. खोलीचे त्याने काही विचारले नाही. मीही विषय काढला नाही.

तो गुरुवारी पुन्हा यायचा आहे. दारात कोण आहे, तेवढे उलटटपाली कळव.

तुझा
धाकटा