चार दहाचं दुखणं

४ एप्रिल, शनिवार

करंजाडेतलं घर लागलं एकदाचं. तिसरा मजला, दोन बाल्कन्या, स्वयंपाकघरात भरपूर उजेड. साताऱ्याहून आलेली बावीस खोकी आणि मी एकटी. तरी संध्याकाळपर्यंत चहाचं पातेलं सापडलं, म्हणजे सुरुवात बरी झाली. सोमवारपासून द्रोणागिरीच्या गोदामात कंटेनरची कागदपत्रं बघायचं काम, सकाळी सहा ते दोन. रेवाची चौथीची परीक्षा संपली की शार्दूल तिला आणून सोडेल. त्याची बदली होईपर्यंत आम्ही मायलेकी दोघीच.

घरमालकीण हौसाबाई खालच्याच मजल्यावर राहतात. या जागी पूर्वी त्यांची भातशेती होती, आता त्यांची इमारत आहे. आल्याआल्या तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वर पाठवली. त्यांचा मुलगा जगन सव्वीस वर्षांचा. माझं लोखंडी कपाट त्याने जवळजवळ एकट्याने चढवलं आणि वर चहासुद्धा नको म्हणाला. असे शेजारी मिळायला नशीब लागतं.

ही वही साताऱ्याच्या डॉक्टरांनी लिहायला सांगितली आहे. माझ्या दुखण्याला क्लस्टर हेडेक म्हणतात. वर्षभर गप्प असतं, मग दीड-दोन महिने रोज ठरल्या वेळी येतं. एवढं कळायला सहा वर्षं आणि माझ्या दोन धडधाकट दाढा गेल्या. आता अकरा महिने आलेलं नाही. वही कोरीच राहिली तर मला चालेल.

९ एप्रिल, गुरुवार

आलं. दुपारी चार वाजून दहा मिनिटं, उजवी बाजू, डोळ्याच्या मागे. लोक म्हणतात अर्धशिशी असेल, अंधारात जरा पडा. मला पडवतच नाही. मी घरभर फेऱ्या मारते, भिंतीला कपाळ लावते, आपटतेसुद्धा. उजवा डोळा गळतो, पापणी उतरते, एकच नाकपुडी वाहते. एक तास वीस मिनिटं. मग गेलं, आलंच नव्हतं असं. मी फरशीवर बसून केळं खाल्लं. उद्या चार दहाला पुन्हा येणार हे माहीत असणं जास्त वाईट आहे.

१३ एप्रिल, सोमवार

पाचही दिवस चार दहा. आज पनवेलमध्ये डॉ. वसुंधरांना दाखवलं. त्यांनी पाच मिनिटांत ओळखलं आणि मला तिथेच रडू फुटलं. गोळ्या सुरू केल्या, पण गुण यायला दोन आठवडे लागतील म्हणाल्या. इंजेक्शन माझ्या ब्लड प्रेशरमुळे चालणार नाही. तोवर ऑक्सिजन: सिलिंडर घरी आणायचा, दुखणं सुरू होताच पिशवीवाला मास्क लावायचा, काटा बारा लिटरवर, पंधरा मिनिटं सरळ बसायचं. एवढी साधी गोष्ट सहा वर्षांत मला कोणी सांगितली नव्हती.

१५ एप्रिल, बुधवार

चार दहाला मास्क लावला. चार तेवीसला दुखणं गेलं. तेरा मिनिटं!

शार्दूलला फोन केला आणि बोलताच येईना, नुसती हसत होते. मग शिरा केला, तूप सढळ हाताने. खाली हौसाबाईंकडे कोणीतरी भिंतीत खिळे ठोकत होतं. ठोका म्हटलं, आज सगळं माफ.

१८ एप्रिल, शनिवार

खिळे नव्हते.

शिऱ्याचा डबा परत घ्यायला खाली गेले होते. हौसाबाई म्हणाल्या, जगनची दाढ दुखते, बुधवारपासून, रोज दुपारी. दृष्ट काढून झाली, आता सोमवारी दाढ काढणार. जगन बाहेर आला. कपाळावर टेंगूळ. उजवी पापणी उतरलेली, डोळा लाल, उजवी नाकपुडी ओली. मी विचारलं, किती वाजता सुरू होतं. तो म्हणाला, साडेचारच्या आसपास, तासभर.

दाढ काढू नका, एवढंच सांगू शकले. वर येऊन दार लावून घेतलं. माझं दुखणं एकाचं दुसऱ्याला लागणारं नाही. कोणाला विचारा.

२० एप्रिल, सोमवार

काल मास्क लावला नाही. दीड तास. टॉवेल दातात धरून खालचा कानोसा घेत होते. खाली टीव्ही चालू होता आणि जगन हसत होता.

आज मास्क लावला. चार बावीसला मी मोकळी झाले. चार चोवीसला खाली ठोके सुरू झाले.

डॉ. वसुंधरांना फोन केला. त्या समजूतदारपणे म्हणाल्या, दुखणं असं स्लॅबमधून जात नाही, तुम्हाला झोप हवी. खरंच आहे. मीही दुसऱ्या कोणाला हेच सांगितलं असतं.

२१ एप्रिल, मंगळवार

लिहायची लाज वाटते, पण लिहिते. सगळं माहीत असून मास्क लावला. खालचं ऐकू येऊ नये म्हणून मिक्सर चालू ठेवला, रिकामाच. मी वाईट बाई नाही. पण चार दहाला मी कोणीच नसते, फक्त तो डोळा असतो.

२३ एप्रिल, गुरुवार

जगनची दाढ काढली. उपयोग शून्य. काल त्याला नेरेला मावशीकडे पाठवलं.

खाली आता तरुण कोणी नाही, हौसाबाई एकट्या. वाटलं, दुखणं तरण्यालाच धरत असेल, आता कोणाला नाही लागणार. मास्क लावला. चार तेवीसला गेलं. मी कान लावून बसले. ठोके नाहीत.

मग जिन्यावर पावलं. हौसाबाई दारात, उजव्या डोळ्यावर पदर दाबलेला. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. सिलिंडरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाय, हे दुखनं तुजं हाय ना? तुजं तू परत घे."

परत कसं घ्यायचं ते मला माहीत नाही. त्या तासभर माझ्याच भिंतीला डोकं लावून उभ्या होत्या. मी त्यांची पाठ चोळत होते. मला काहीच दुखत नव्हतं.

२४ एप्रिल, शुक्रवार

जवळ जो असेल त्याला.

परवा रेवा येणार. शार्दूलला सांगितलं, आणू नको. तो म्हणाला, चारुता, तू दमली आहेस, म्हणून तर तिला आणतोय. सिलिंडरवाल्याला फोन केला, घेऊन जा म्हटलं. सोमवारी सकाळी येतो म्हणाला. आज मास्क नाही. एक तास चाळीस. जीभ चावली गेली —

२६ एप्रिल, रविवार, दुपारी दीड

रेवा आली. उंच झाली आहे. शार्दूल जेवून लगेच निघाला. हौसाबाई नेरेला जगनकडे गेल्या. म्हणजे इमारतीत माझ्या जवळ — तीच.

ठरलं आहे. चार वाजता बाथरूममध्ये जायचं, कडी लावायची. सिलिंडर बाहेर. दीड तास. हातावर मारून घेईन, काहीही करीन, पण मास्क नाही. मी ठरवलं की करते.

चार सतरा

वही आत आणली, हाताला काम हवं म्हणून. बादलीवर बसून — उजवी बाजू — रेवा दार वाजवते आहे. बागेत जा म्हटलं. जात नाही.

चार एकवीस

तिने सिलिंडर ओढत आणला. त्यावर चिकटवलेला सूचनांचा कागद वाचला, शहाणी. काटा बारावर. दाराखालच्या फटीतून मास्क आत सरकवला. सूं आवाज येतो आहे. आई घे ना, आई घे ना —

हात लावणार नाही. नाही. माझं बाळ आहे ते.

डोळा काढून टाकला तर —

चार तीस

पायाशी आहे. गार हवा येते पायांना.

नाही

रेवा रडते आहे. माझ्यासाठी —

फक्त एक श्वास. एकाने काय होणार आहे. एकच, मग लगेच बाहेर ढकलीन —

चार एकोणचाळीस

किती घेतले मोजले नाहीत.

गेलं. काहीच दुखत नाही.

बाहेर रेवा गप्प झाली आहे. आता म्हणते, आई, मी रडायचं थांबवलं ग, पण या एकाच डोळ्यातून अजून —