जिभेतले सात मिलिमीटर

अलेक्झांड्रिया, गुरुवार

प्रिय इन्साफ,

शाळा सुटली की आपण समुद्राच्या कठड्यावर बसून कलिंगडाच्या बिया खायचो. माझे पुढचे दात किडके, म्हणून तू फोडून द्यायचीस. आज सकाळपासून तेच आठवतंय.

आता ऐक, आणि मधेच रडू नकोस. माझ्या जिभेच्या डाव्या कडेला रमजानपासून एक जखम आहे. दुसऱ्या कुणाची असती तर मी दोन आठवड्यांत तपासणीला पाठवलं असतं. स्वतःच्या बाबतीत मात्र दाढेची कड लागते असं ठरवून, आरशासमोर उभी राहून ती दाढ घासून गुळगुळीत केली. तीनदा. असला मूर्खपणा दातांचा डॉक्टरच करू जाणे.

माझी जुनी विद्यार्थिनी रग्दा आता माझ्याच दवाखान्यात असते. ती म्हणाली, "मॅडम, तुमचा 'स' घसरतोय," आणि मला माझ्याच खुर्चीत बसवलं. ते सोनोग्राफीचं यंत्र आठवतं? सुजलेल्या गालाला जेली लावली की लोक विचारायचे, "डॉक्टरीणबाई, मुलगा की मुलगी?" तेच. टूथब्रशएवढी दांडी तिने हातमोज्याच्या बोटात घालून माझ्या जिभेवर टेकवली. पडद्यावर एक काळा डाग आत उतरत गेलेला. मीच म्हटलं, "मोज. शिकवलंय ना तुला?" सात मिलिमीटर. मग मान पाहिली. तिथली गाठ तिच्याआधी मला दिसली. ती पडदा सोडून माझ्याकडे बघायला लागली तेव्हा दटावलं, "नीट धर, चित्र बिघडतंय." नंतर तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सरच निघाला.

माझा भाऊ फौआद म्हणतो, "ताई, या वयात कापाकापी कशाला? देवावर सोड." म्हटलं, देवाला सात मिलिमीटर कळवलेत, आता सर्जनचं काम. मी सही केली आहे.

रविवारी ऑपरेशन. जवळजवळ अर्धी जीभ जाईल, मनगटाची कातडी घेऊन नवी बेततील. म्हणजे त्यानंतरच्या शुक्रवारी तू फोन केलास तर पलीकडून माझा आवाज येणार नाही. पुढे येईल तो बोबडा असेल. मी परत शिकणार आहे, पण टेबलावरून उठलेच नाही तर गोंधळ नको. यंत्र रग्दाला, अट एकच, दाढ दुखते म्हणून आलेल्याचीही जीभ आधी बघायची. पांढरे कोट नर्स उम्म सलीमला. खुर्ची फौआदला देऊ नकोस, विकून टाकेल. ती सरकारी दवाखान्याला. शाळेतल्या नन सिस्टर्सनी शिवणासाठी दिलेलं चांदीचं अंगुस्तान तुझ्या नातीला. आणि तुला, काल टेपवर बोलून ठेवलेला एक तास. बहुतेक चहाड्याच आहेत. पण माझं नवं बोलणं कानाला सवयीचं होईपर्यंत तो लावू नकोस.

तुझीच,
ओडेट