पुनम कुणाच्या स्वप्नात येते

कुरुंदा, ९ जानेवारी २०२५

ती. दादांना मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलावं तर घरात समदे ऐकत राहतात. म्हणून कागद घेतला. इकडं हळदीची काढणी चालू झाली. हे दिवसभर वावरात असतात, पुनमचं नाव निघालं की उठून जातात.

दादा, पोळ्याच्या आठवड्यात माझी लेक तापानं गेली, तवापासून एकदाही माझ्या स्वप्नात आली न्हाई. सासूबाईंच्या येती. तिच्या मैत्रिणीच्या, प्रतिक्षाच्याबी येती. मग मायच्याच काहून न्हाई? तुमी जन्मभर स्वप्नांची पुस्तकं गोळा केली. वहिनी हसायच्या, म्हणायच्या, हे झोपत न्हाईत, झोपेबद्दल वाचून राहिलेत. इतक्या पुस्तकांत याचं उत्तर कुठंतरी असंलच. तेवढं धाडा.

धाकट्या बहिणीवर माया हाय तशी असू द्या.

तुमची मंजुषा

हिंगोली, १७ जानेवारी २०२५

चि. सौ. मंजुषास अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. हळद घेऊन आलेल्या तुमच्या गावच्या खेमाच्या टेम्पोतून तीन पुस्तकं पाठवतो आहे.

पहिली एका जुन्या पोथीची नक्कल. कोणत्या प्रहरी पडलेलं स्वप्न कधी फळतं, ते तिच्यात आहे. न पडलेल्या स्वप्नाबद्दल मात्र अवाक्षर नाही. दुसरं शंभर वर्षांपूर्वी एका डॉक्टरनं लिहिलेलं. तो म्हणतो, स्वप्नं सगळ्यांनाच पडतात, जाग येताना माणूस ती विसरतो. म्हणजे पुनम येऊन जातही असेल. तिसरं माझं आवडतं, जागेपणीच्या तंद्रीवरचं. झोपेची वाट पाहू नये, असं ते सांगतं. निवांत बसावं, डोळे मिटावेत आणि हवं ते माणूस समोर आणून बसवावं. करून बघ.

माझ्या ग्रंथात या तिन्हींवर प्रकरणं आहेत. निवृत्त झाल्यापासून तेच लिहितो आहे. कुणाला याचा उपयोग काय, असं पुनमच मला विचारायची. तुला व्हावा, एवढीच इच्छा.

संतरामरावांना नमस्कार. जेवत जा.

तुझा दादा, विजयकुमार

कुरुंदा, २० फेब्रुवारी २०२५

ती. दादांना शि. सा. न. वि. वि.

हळद शिजायला लागली की मी बाजूला लिंबाखाली बसायचे, पुस्तकात सांगितलं तसं डोळे मिटायचे. आधी दवाखान्यातलंच तोंड दिसलं, नाकात नळी असलेलं. मग हळूहळू पुनम केस पुसत बसलेली दिसायला लागली. थोडे दिवस बरं वाटलं. भाकर गोड लागली.

पण दादा, ती जे बोलायची ते समदं माझंच बोलणं. आई, तू जेवलीस का म्हणायची. पायाला तेल लाव म्हणायची. खरी पुनम आसं कधी बोलली का? मी एक म्हटलं की ती दोन ऐकवायची. माझ्या चहाला गुळवणी म्हणायची. ती आता काय ऐकवंल, ते मला सुचंच ना. मग ध्यानात आलं, मी लेक न्हाई आणली. तिचा ड्रेस घालून मीच माझ्यासमोर बसून राहिले.

बसणं सोडून दिलं. पुस्तकं परत धाडते, डॉक्टरचंबी. ती येऊन जात असंल आन् मीच विसरत असंल, तर ही तकलीफ जास्तच वाईट.

मनातून उतरवू नका.

तुमची मंजुषा

हिंगोली, ११ मार्च २०२५

चि. सौ. मंजुषास अ. उ. आ.

लिहावं की नाही, या विचारात बरेच दिवस गेले. पण लपवलं तर तुझ्यापुढे उभं राहता येणार नाही. पुनम माझ्या स्वप्नात आली. माझ्या खोलीत कपाटाशी खाली बसून पुस्तकाची पानं उलटत होती.

मी मागितलंही नव्हतं, तरी मिळालं. तू मागतेस, तुला नाही. असं का होतं, हे माझ्या एकाही पुस्तकात नाही.

तुझा दादा

कुरुंदा, १५ मार्च २०२५

ती. दादांना शि. सा. न. वि. वि.

कोणता ड्रेस व्हता? वाळली व्हती का? केस बांधलेले का मोकळे? माझं काही विचारलं का? खरं तेच लिहा. लवकर लिहा.

मंजुषा

हिंगोली, १९ मार्च २०२५

चि. सौ. मंजुषास अ. उ. आ.

पिवळा ड्रेस होता. केस मोकळे. तब्येत चांगली होती, आजाराची खूण नव्हती.

तुझं काही विचारलं नाही. माझंही नाही. मी हाक मारली, पण तिनं मान वर केली नाही. खरं लिहा म्हणालीस, म्हणून लिहिलं.

ग्रंथ लिहिणं थांबवलं आहे. कपाटाकडे बघवत नाही. चार दिवस इकडे येऊन जा.

तुझा दादा

कुरुंदा, २ एप्रिल २०२५

ती. दादांना शि. सा. न. वि. वि.

कागद पोचला. येणं व्हायचं न्हाई, हळद वाळू घातली हाय. ह्यांना दाखवला. वाचला आन् घडी घालून माझ्या हातात दिला.

तुमी खरं लिहिलं. मीच तसं सांगितलं व्हतं, तुमच्यावर राग न्हाई. पण दादा, तिनं माझं विचारलं, आसं खोटं लिहिलं असतं, तर ते खोटं हाय हे मला वळखू आलं असतं. तरी लिहायचं व्हतं.

तुमची मंजुषा